उचलून नेता येणारी रेल्वे: छोटा लेआउट, त्याचा जोड आणि त्याची घोडी

माझा पहिला लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेली छोटी मॉडेल रेल्वे, जिन्यात संपला. सहा फूट बाय तीन फूट, १२ मिमी प्लाय, खाली सागाच्या जाड पट्ट्यांची चौकट. घर बदलताना तिसऱ्या मजल्यावरून तो खाली आणायला घेतला आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो ना उभा वळेना, ना आडवा. तासभर खटपट केली. शेवटी तिथेच करवत आणून दोन तुकडे केले. रूळ, तारा, दीड वर्ष बसून लावलेलं गवत, सगळ्यावरून करवत फिरली. तेव्हापासून मी कागदावर रूळ काढायच्या आधी जिना मोजतो.

छोटा, हलवता येणारा लेआउट करायचा असेल तर सगळ्यात जास्त वेळ दोन गोष्टींना द्या: दोन फळ्यांचा जोड आणि खालचा आधार. रूळ आणि झाडं पुन्हा लावता येतात. चुकलेला जोड मात्र लेआउट जगेल तोवर दर वेळी डबे पाडत राहतो, आणि डगमगणाऱ्या पायांवरचा लेआउट कुणी दुसऱ्यांदा मांडतच नाही. खाली दिलेली मापं माझ्या सध्याच्या लेआउटची आहेत. तो मी एकटा उचलतो, आणि दहा-बारा मिनिटांत मांडतो.

आधी घर मोजा

टेप घेऊन चार जागा मोजा: जिन्याचं वळण, लिफ्टचं दार, गाडीची डिकी आणि लेआउट जिथे वर्षातले अकरा महिने पडून राहणार ती जागा, मग तो माळा असो, पलंगाखाली असो की कपाटाच्या डोक्यावर. या चारांतलं सगळ्यात लहान माप हेच तुमच्या फळीचं माप. माझ्याकडे माळ्याचं दार अडचणीचं ठरलं आणि कुठलाही तुकडा ८०० मिमीहून लांब करायचा नाही हे तिथेच ठरलं. रुंदी ३०० मिमी ठेवली, कारण तेवढी फळी काखेत धरून जिना चढता येतो आणि दुसरा हात कठड्याला मोकळा राहतो. वजनाची मर्यादा तुकड्यामागे पाच किलो.

३०० मिमी रुंदीत गाडी गोल फिरणार नाही, हे पहिल्याच दिवशी मान्य करा. एचओ मापात (मापांचं पुढे सांगतो) पेको या ब्रिटिश कंपनीच्या सेट-ट्रॅकचं, म्हणजे तयार वळणाच्या रुळांचं, सगळ्यात लहान वळण ३७१ मिमी त्रिज्येचं असतं. त्याचा वाटोळा फेरा बसवायला कडेच्या जागेसकट ८५० मिमी रुंदी हवी. एन मापात ९ इंची त्रिज्येचं वळण मिळतं, पण त्यालाही अर्धा मीटर रुंदी लागतेच. म्हणून अरुंद लेआउटवर गाडी फिरवायची नसते, शंटिंग करायचं असतं, म्हणजे डबे पुढेमागे नेऊन हव्या त्या क्रमाने लावायचे. माझा अनुभव असा की फिरणारी गाडी पाहुणे पाच मिनिटं बघतात, शंटिंगचं कोडं मात्र तासभर सोडवत बसतात.

कुठलं माप घ्यावं

एचओ म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची. १:८७ ला ती १९.३ मिमी व्हायला हवी. म्हणजे तयार १६.५ मिमीचे रूळ वापरले तर मापात पावणेतीन मिलिमीटरची खोट राहते. बहुतेक हौशी लोक ती चालवून घेतात, मीही घेतो, कारण तयार सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे फाटे) आणि तयार चाकं मिळतात. ज्यांना ही खोट टोचते त्यांच्यासाठी फार सुंदर वाट आहे: नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी. ४ मिमीला एक फूट या मापात ९ मिमीचे, म्हणजे एन मापाचे रूळ घेतले की सव्वादोन फुटी गेज होते, खऱ्याच्या अगदी जवळ. एन मापाच्या इंजिनाचा खालचा भाग घ्यायचा आणि वर स्वतः केलेलं धड बसवायचं.

एन मापात फळी-फळी जोडून वाढवत न्यायचं असेल तर टी-ट्रॅक ही पद्धत बघा. ती जपानमधली. सुमारे ३०८ मिमी लांबीचे छोटे खोके टेबलावर एकमेकांना टेकवून ठेवायचे आणि काटो या जपानी कंपनीचे खडीसकट येणारे तयार रूळ एकमेकांत अडकवायचे. तिथे पायांचा प्रश्नच नाही, टेबल कुणाचंही चालतं. मी मात्र एचओ धरून पुढचं सांगतो. माझे डोळे आणि बोटं त्या मापाला सरावली आहेत.

आराखडा: पाच, तीन, तीन

ब्रिटनमधल्या अ‍ॅलन राइट यांनी केलेला ‘इंगलनूक सायडिंग्ज’ हा आराखडा छोट्या जागेसाठी आजही सगळ्यात उत्तम आहे. दोन सांधे, तीन सायडिंगा, म्हणजे डबे उभे करायच्या बंद टोकाच्या मार्गिका. एकीत पाच वाघिणी (मालडबे) मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. दुसऱ्या टोकाला शंटिंगची एक मार्गिका, जिच्यात इंजिन आणि तीन वाघिणी मावतात, त्याहून जास्त नाही. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्या वाटीत टाकायच्या, त्यातल्या पाच एकामागून एक काढायच्या, आणि त्याच क्रमाने पाच वाघिणी लांब सायडिंगेत उभ्या करायच्या. आठांतून पाच क्रमाने निवडण्याचे ६,७२० प्रकार होतात. रोज एक डाव खेळलात तरी अठरा वर्षं पुरतील.

आपल्याकडे हा आराखडा शोभतो कारण चारचाकी वाघिणींच्या काळात छोट्या स्टेशनच्या मालधक्क्यावर हेच चालायचं. एक वाघीण खताची, एक सिमेंटची, एक गुळाची. मालगाडी थांबायची, दोन वाघिणी सोडायची, तीन उचलायची. पुढे पूर्ण रेकच्या, म्हणजे एकाच ठिकाणी जाणाऱ्या अखंड मालगाड्या आल्या आणि स्टेशनांतलं हे काम संपत गेलं. माझा लेआउट त्या आधीच्या दख्खनी स्टेशनचा आहे.

आता हिशेब. एक चारचाकी वाघीण जोडणीसकट १०० मिमी धरा, शंटिंगचं इंजिन १५० मिमी. पेकोचा लहान त्रिज्येचा सांधा १८५ मिमी लांब आणि १२ अंशांचा असतो. सांध्यानंतर शेजारच्या वाघिणी एकमेकींना घासू नयेत म्हणून आणखी ६० मिमी सोडा, आणि टोकाला अटकावासाठी २० मिमी. लांब सायडिंग: ३० मिमी सरळ रूळ, १८५ चा सांधा, ६० मोकळे, ५०० वाघिणींचे, २० टोकाचे, झाले ७९५. आखूड सायडिंग: ३०, दोन सांध्यांचे ३७०, ६०, ३०० आणि २०, झाले ७८०. दोन्ही ८०० च्या फळीत बसतात. शंटिंगच्या मार्गिकेला ४५० लागतात, त्यासाठी ५०० मिमीची दुसरी फळी.

फळ्या समान का केल्या नाहीत? ६५०-६५० केल्या असत्या तर जोड सांध्यांच्या मधोमध आला असता आणि दोन किंवा तीन रूळ त्यावरून तिरके गेले असते. ८०० आणि ५०० अशी वाटणी केली की जोडावरून एकच मार्गिका जाते, तीही सरळ, काटकोनात. जोडाची निम्मी डोकेदुखी कागदावरच संपते. कुठलाही आराखडा निवडा, पण जोडावरून कमीत कमी रूळ जातील आणि जोडावर सांधा कधीच येणार नाही, एवढं बघा.

प्लाय आणि चौकट

वरची फळी ६ मिमी प्लायची, बाजूच्या पट्ट्या ९ मिमी प्लायच्या, ८० मिमी उंच. जोडाच्या दोन तोंडपट्ट्या मात्र १२ मिमीच्या. पूर्ण शीट घ्यायची गरज नाही. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा फर्निचरचं काम चाललेल्या कुठल्याही सुताराकडे एवढे तुकडे निघतात. पट्ट्या मशीनवरच कापून घ्या. हाताच्या करवतीने साडेचार मीटर पट्टी एकसारखी ८० मिमी कापली जात नाही, आणि पट्टी दोन मिमीने कमी-जास्त झाली की वरची फळी पिळवटते.

प्लाय विकत घेताना तो डोळ्यासमोर धरून कडेने बघा. ६ मिमीचा तुकडा पिळलेला असेल तर दुकानातच ठेवा; चौकट त्याला सरळ करेल या भरवशावर राहू नका. पाण्याला टिकणारा, आयएस ७१० चा प्लाय महाग पडतो, पण कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर तोच घ्या. देशावर साधा, आयएस ३०३ चा चालतो, मात्र दोन्ही बाजूंना सँडिंग सीलरचे दोन हात द्यायचे. एकाच बाजूला दिले तर दुसरी बाजू पावसाळ्यात ओल पिते आणि फळी पापडासारखी वळते.

जुळवणी अशी: लांब पट्ट्या पूर्ण ८०० मिमीच्या, आडव्या पट्ट्या त्यांच्यामध्ये २८२ मिमीच्या. मोठ्या फळीत दोन मधल्या आडव्या पट्ट्या, लहानीत एक. मधल्या पट्ट्यांना तारा जाण्यासाठी २५ मिमीची भोकं आधीच पाडा. नंतर खाली झोपून ड्रिल चालवणं फार त्रासाचं होतं. आणि त्या पट्ट्या कुठे येणार हे सांध्यांची जागा कागदावर आखूनच ठरवा. सांध्याच्या बरोबर खाली पट्टी आली तर सांधा हलवणारी तार कुठून जाणार?

कोपऱ्यात २० मिमीचे लाकडी ठोकळे, फेविकॉल आणि स्क्रू. गुण्या लावाच, पण भरवसा कर्णांवर ठेवा. ८०० बाय ३०० च्या चौकटीचा कर्ण ८५४ मिमी येतो. दोन्ही कर्ण मोजा. मिलिमीटरभर फरक असेल तर लांब कर्णाचे कोपरे हाताने दाबा आणि गोंद सुकेपर्यंत शिकंज्यात धरून ठेवा. वरची फळी त्यानंतर.

या पद्धतीने मोठी फळी सव्वादोन किलोच्या आसपास भरते. माझ्या पहिल्या लेआउटच्या १२ मिमी प्लायचा नुसती वरची फळीच तेरा किलोच्या घरात होती.

जोड

इथे घाई करू नका. मी या एका कामाला दोन पूर्ण रविवार देतो.

बोल्ट फळ्या एकमेकींकडे ओढतो, पण जागेवर आणत नाही. ८ मिमीच्या बोल्टाला साडेआठचं भोक लागतं, आणि त्या अर्ध्या मिलिमीटरच्या खेळात रूळ एकमेकांपासून सरकतात. म्हणून जागा धरण्याचं काम दोन पिनांनी करायचं आणि ओढण्याचं काम दोन बोल्टांनी. लेथवाल्याकडून १० मिमीच्या दोन पितळी पिना आणि त्यांना सरकत, पण न खुळखुळता बसणाऱ्या दोन पितळी बुशी (नळ्या) करून घ्या. पिनेचं टोक निमुळतं हवं, म्हणजे ती बुशीत आपोआप शिरते. पिनेला आणि बुशीला दोन्हीकडे कडा ठेवायला सांगा आणि त्या कडेला स्क्रूची भोकं. लेथवाला ‘एवढंसं काम?’ म्हणेल, पण चांगला कारागीर असं काम आवडीने करतो.

दोन्ही तोंडपट्ट्या चौकटीत बसवण्यापूर्वी एकमेकींवर शिकंज्यात धरा आणि सगळी भोकं एकदमच आरपार पाडा. पिना बाहेरच्या बाजूला, एकमेकींपासून २०० मिमीवर. बोल्ट त्यांच्या आत. बुशींची भोकं मात्र अर्ध्या मिलिमीटरने सैल ठेवा, त्याचं कारण पुढे येतं.

घरातली सगळ्यात सपाट जागा म्हणजे स्वयंपाकघराचा ग्रॅनाइटचा ओटा. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर ओटा पुसून कोरडा करा आणि दोन्ही फळ्या त्यावर उलट्या ठेवा, वरचं तोंड खाली. पिना चौकटीला पक्क्या स्क्रू केलेल्या, बुशी पिनांवर चढवलेल्या. पिनांना व्हॅसलीनचा पातळ हात द्या, नाहीतर सकाळी सगळं एक झालेलं असेल. आता बुशीच्या सैल भोकात अ‍ॅराल्डाइट भरा, फळ्या एकत्र ढकला, बोल्ट हलकेच आवळा आणि वर दोन डाळीचे डबे ठेवा. अ‍ॅराल्डाइट सुकत असताना दोन्ही फळ्यांचे पृष्ठभाग ग्रॅनाइटने एका पातळीत धरलेले असतात, आणि बुशी त्या पातळीतच घट्ट होतात. म्हणूनच भोकं सैल ठेवायची. सकाळी बोल्ट सोडा, फळ्या ओढून वेगळ्या करा, पुन्हा जोडा. जोडावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर काम झालं. मग बुशींच्या कडेला स्क्रू मारा.

धातूच्या पिना-बुशींचा आणखी एक फायदा पावसाळ्यात कळतो. लाकडात लाकूड बसवलेला जोड जुलैमध्ये फुगून अडकतो. पितळ अडकत नाही.

लेथवाला जवळ नसेल तर दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्या वापरा. जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक बिजागरी, तिचं एक पान या फळीला, दुसरं त्या फळीला. पानं स्क्रू करून झाल्यावर बिजागरीची खिळ ठोकून काढायची आणि तिच्या जागी तेवढ्याच जाडीची, वर वाकवलेली सळई घालायची. सळई घातली की फळ्या जुळतात आणि धरल्याही जातात. पिनांइतकं हे अचूक होत नाही, पण एकच मार्गिका जोडावरून जात असेल तर पुरतं. बिजागरी घट्ट खिळीची निवडा.

घोडी

आधाराचे सोपे पर्याय आधी सांगतो. घरच्या घरी भिंतीला ब्रॅकेट लावून त्यावर लेआउट ठेवता येतो. इस्त्रीचं टेबल उंची बदलणारं आणि घडीचं असतं, ८०० मिमीची एक फळी त्यावर मजेत बसते. कीबोर्ड वाजवणाऱ्यांचं एक्स आकाराचं स्टँडही चांगलं. शाळेत किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये टेबल मिळणार असेल तर फळीखाली रबराचे बूच चिकटवले की झालं. पण टेबल ७५० मिमी उंच असतं, आणि तिथून लेआउट छपरावरून पाहिल्यासारखा दिसतो. उभं राहून शंटिंग करायला रूळ ११०० मिमीच्या आसपास हवेत; वाघिणीची कडी काढायला वाकावं लागत नाही आणि नजर किंचित वरून, स्टेशनच्या पुलावरून असावी तशी पडते. मुलांसाठी जवळ एक पक्कं स्टूल ठेवा.

माझ्या दोन घोड्या सुताराच्या घोडीसारख्याच आहेत. प्रत्येक घोडीला शिडीसारखी दोन पानं, वर बिजागरीने जोडलेली, मध्ये दोरी, म्हणजे पानं ठराविक अंतरापलीकडे फाकत नाहीत. लाकूड पाइनचं, ४० बाय २० मिमी. पान वर ३०० मिमी रुंद आणि जमिनीवर ४५० मिमी. या दोन घोड्यांवर ७० बाय २० मिमीच्या, १२०० मिमी लांब दोन पट्ट्या उभ्या कडेवर ठेवायच्या. घोडीच्या माथ्यावर त्यांच्यासाठी खाचा असतात. लेआउट या पट्ट्यांवर बसतो, म्हणजे फळ्यांना स्वतःचे पाय नाहीत. फळ्या हलक्या राहतात आणि उद्या दुसरा लेआउट केला तरी घोड्या त्याच.

घोड्या पट्ट्यांच्या अगदी टोकाला लावू नका. टोकापासून लांबीच्या २२ टक्के आत, म्हणजे इथे २६५ मिमीवर लावा. सगळीकडे सारखं वजन असलेली पट्टी त्या दोन जागी टेकली की सगळ्यात कमी वाकते. मोजमापाच्या प्रमाणपट्ट्यांनाही याच हिशेबाने टेकू देत.

आता खाली ४५० मिमी का? लेआउट, पट्ट्या आणि घोड्या मिळून वजन १० किलो धरा. कुणीतरी ११५० मिमी उंचीवर फळीला धक्का दिला. खालची रुंदी ३०० असेल तर सव्वा किलोच्या जोराने सगळं उलटतं. ४५० असेल तर दोन किलोचा जोर लागतो. गर्दीत एखाद्या मुलाने कोपर टेकलं तरी तेवढा जोर पडतो. म्हणून घोड्यांच्या खालच्या आडव्या पट्ट्यांवर एक फळकूट टाकतो आणि त्यावर पाच लिटरचा पाण्याने भरलेला कॅन. पाच किलो वजन खाली आल्यावर उलटवायला तीन किलोच्या जवळपास जोर लागतो. घरून वजन वाहून न्यावं लागत नाही, पाणी सगळीकडे मिळतं.

शेवटी पातळी. तिवई कुठल्याही जमिनीवर डगमगत नाही आणि चौपाई डगमगते, कारण तीन टेकूंचीच पातळी आपोआप ठरते. घोड्यांच्या माथ्यावर खाचांमध्ये एम८ चे चार बोल्ट टी-नटमध्ये (लाकडात रुतून बसणाऱ्या नटमध्ये) उभे बसवा, पट्ट्या त्यांच्या डोक्यांवर टेकतील. मांडताना आधी तीन बोल्टांनी पातळी आणा. पाणसळ लांबीत ठेवा, मग रुंदीत. ती जुळली की चौथा बोल्ट बोटाने फिरवून पट्टीला नुसता टेकवा, आवळू नका. आवळलात तर फळी पिळेल आणि जोडावर रूळ उचलले जातील.

किती अचूक हवं? भारतीय रेल्वेत स्टेशनच्या यार्डात ४०० ला १ पेक्षा तीव्र चढ नको, असा जुना दंडक आहे, म्हणजे सोडलेली वाघीण आपोआप पळू नये. आपल्या १३०० मिमीत तो सव्वातीन मिमी होतो. तेवढं पाणसळीवर सहज जमतं.

रूळ, जोडावरचे टोक आणि तारा

रूळ दोन्ही फळ्या बोल्ट आवळून, एकत्र ठेवूनच घाला. जोडाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाची एकेक पट्टी, रुळाला लागणाऱ्या स्लीपरच्या जागी, अ‍ॅराल्डाइट आणि दोन बारीक स्क्रूंनी बसवा. या पट्टीवरचा तांब्याचा थर मधोमध कानशीने खरवडून तोडायचा, नाहीतर दोन्ही रूळ एकमेकांना भिडून शॉर्ट होतील. आता अखंड रूळ जोडावरून न्या, चारही जागी पट्टीला सोल्डर करा, आणि मगच पातळ चकतीने किंवा बारीक दातांच्या करवतीने रूळ बरोबर जोडाच्या रेषेवर कापा. फट अर्ध्या मिलिमीटरची. रुळांची टोकं आतून कानशीने हलकेच मोडून घ्या, चाकाची कड अडकणार नाही. दोन फळ्यांवर वेगवेगळे रूळ घालून मग जुळवायचा प्रयत्न मी एकदा केला आहे. तो कधीच जुळत नाही.

प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतःची तार द्या. रूळ जोडणाऱ्या क्लिपा वर्षभर वीज नेतात, मग गंज आणि धूळ साचते आणि इंजिन अडखळायला लागतं. मुख्य तार घराच्या वायरिंगची १ चौरस मिमीची, रुळांपासून तिच्यापर्यंत बारीक तारा. दोन रंग ठेवा आणि शेवटपर्यंत पाळा. फळीखाली फक्त १२ व्होल्ट. २३० व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर जमिनीवर किंवा भिंतीतच राहू द्या.

सांधे हलवायला मोटरी नकोत. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन-पोल दोन-दिशा सरकता स्विच मिळतो. तो फळीखाली सांध्याशेजारी बसवायचा. त्याच्या मुठीत २ मिमीचं भोक पाडून सायकलची स्पोक ओवायची आणि ती पुढच्या पट्टीतून बाहेर काढून टोकाला लाकडी मणी. मुठीतूनच ०.८ मिमीची पोलादी तार वर सांध्याच्या हलत्या दांड्यात जाते. स्विचची सरक पात्यांच्या सरकेपेक्षा जास्त असते, ती वाढीव सरक तार वाकून सोसते. स्पोक ओढली की पाती सरकतात, आणि त्याच स्विचच्या एका पोलातून सांध्याच्या मधल्या भागाची वीजही बदलते. तारेसाठी सांध्याखालचं लांबट भोक रूळ घालण्याआधी पाडायला विसरू नका.

दोन फळ्यांमध्ये फक्त दोन तारा जातात. त्यांना उलटी लागूच शकत नाही अशी पिन वापरा, मायक्रोफोनची चालते. वीज ज्या बाजूकडून येते तिकडे भोकांचा भाग ठेवा, उघड्या पिना दुसऱ्या बाजूला.

खडी

देखाव्याबद्दल थोडंच सांगतो, कारण तो ज्याचा त्याचा. पण खडीचं माप चुकतं म्हणून लिहितो. खऱ्या रुळाखालची मोठी खडी ६५ मिमीची. १:८७ ला ती पाऊण मिलिमीटर झाली, म्हणजे जाड रव्याएवढी. बांधकामावरची दगडाची कच आणून आधी चहाच्या गाळणीतून, मग मलमलीतून चाळा. गाळणीतून पडलेलं आणि मलमलीवर राहिलेलं ते आपलं. त्यानंतर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्यातून तीन-चार वेळा फिरवा. आपला काळा दगड बेसॉल्टचा, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटरीत जाऊन बसतात. पिशवीवर काळी बुरशी जमलेली दिसेल. फेविकॉलात तिप्पट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने खडीवर सोडा. सांध्याच्या पात्यांजवळ गोंद अजिबात नको, आणि जोडाच्या रेषेवर खडी चिकटवायच्या आधी मधे प्लास्टिकचा कागद धरा.

बांधणं आणि मांडणं

दोन्ही फळ्यांना ३ मिमी प्लायची खोक्यासारखी झाकणं करा, ती बाजूच्या पट्ट्यांना विंग नटनी धरतील. झाकणाची उंची तुमच्या सगळ्यात उंच झाडापेक्षा २० मिमी जास्त. जोडावरचे रूळ प्रवासात सगळ्यात आधी वाकतात, म्हणून तोंडपट्टीवर त्याच बोल्टांनी एक फळकूट आवळून ठेवा. वाघिणी वेगळ्या डब्यात, प्रत्येकीला स्पंजची खाच.

एक पत्र्याचा डबा कायम लेआउटबरोबर राहू द्या: दोन जादा बोल्ट, वायसर, पाना, पाणसळ, सोल्डरिंग आयर्न, दोन मीटर तार, फ्यूज, रूळ पुसायला मऊ कापड, आठ चिठ्ठ्या आणि वाटी. मी झाकणाच्या आतल्या बाजूला ही यादी चिकटवली आहे आणि निघताना बोट ठेवून वाचतो.

मांडताना क्रम बदलू नका. घोड्या उभ्या करा, दोऱ्या ताणल्यात का बघा. पट्ट्या खाचांत. पाण्याचा कॅन खाली. पातळी. मग मोठी फळी, मग लहान, पिना बुशीत जाईपर्यंत हाताने सरकवून. बोल्टाने ओढून पिना आत घालायच्या नाहीत, त्याने बुशी हलतात. बोल्ट आवळा, विजेची पिन लावा, रूळ पुसा.

इंजिन लगेच ठेवू नका. आधी एक वाघीण शंटिंगच्या मार्गिकेवर ठेवून बोटाने जोडावरून सावकाश पुढे ढकला, आणि कान लावून ऐका. दोन चाकांच्या जोड्या, दोन हलक्या टिकटिकी, दोन्ही सारख्या यायला हव्यात. एक मोठी आणि एक लहान आली तर चौथ्या बोल्टाकडे जा.